चाळीस पोरं आणि सगळ्यात मोठा लाडू

बाळराजांच्या सातव्या वाढदिवशी सेनापती खिरीचं पातेलं डोक्यावर घेऊन उठले, तेव्हा कुठे गंभीरराजे महाराजांच्या लक्षात आलं, की आपण भलतंच काहीतरी बोलून बसलो!

झालं होतं असं. औक्षण आटोपल्यावर महाराज खुशीत येऊन म्हणाले, "आज जमलेल्या प्रत्येक मुलानं एक गोष्ट मागावी. मिळालीच म्हणून समजा! हा राजाचा शब्द!"

बाळराजांनी परातीकडे बोट दाखवलं. "मला सगळ्यात मोठा लाडू!"

"मलापण सगळ्यात मोठा!" सेनापतींची चिमणी किंचाळली.

"मला! मला!" दिवाणांचा नाना, माळ्याची बकुळा, सगळी एकदम. चाळीस पोरांनी एकच गोष्ट मागितली आणि चाळीसच्या चाळीस परातीवर तुटून पडली! लाडू उडाले, बुंदी उधळली. सनईत बुंदी अडकली आणि सनई कोंबड्यासारखी आरवायला लागली. भांडण सोडवायला धावलेले सेनापती तुपावरून घसरले ते थेट खिरीत. मग सगळ्या पोरांनी मिळून जो गळा काढला, त्यानं पागेतले घोडेही बिथरले.

"महाराज," कानांत बोटं घालून दिवाण म्हणाले, "सगळ्यांना सारखे लाडू देऊ या."

"सारखा नकोऽऽ! सगळ्यात मोठाऽऽ!"

महाराज पडले हट्टी. त्यांनी मुख्य आचारी राघोभटांना बोलावलं. "दिवेलागणीच्या आत या चाळीस मुलांना सगळ्यात मोठा लाडू मिळाला पाहिजे. प्रत्येकाला!"

"पण महाराज, सगळ्यात मोठा लाडू एकच असतो!"

"ते आम्हाला सांगू नका! आम्ही शब्द दिलाय. जमलं नाही, तर सगळा मुदपाकखाना उद्या गडाखाली!"

राघोभट मटकन खालीच बसले. त्यांच्या मागे गजरा उभी होती. मुदपाकखान्यात बुंदी पाडण्याचं काम तिचं. घरी सहा पोरं. गडाखाली जाऊन त्यांना खायला काय घालायचं?

तेवढ्यात तिला बकुळा दिसली. एवढ्या रडारडीत ती एकटीच गप्प होती. खांबाआड बसून सांडलेली बुंदी मुठीत दाबत होती.

"अगं, जमिनीवरची ती! टाक बरं," गजरा म्हणाली. "हा घे, परातीतला चांगला लाडू देते."

बकुळानं मूठ पाठीमागे लपवली. "नाही! हा माझा आहे! मी केलाय!"

गजरानं त्या मुठीकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला. "भटजी, उठा! काहिलीत गरम बुंदी आहे ना? ती इथे आणा. आणि चाळीस द्रोण!"

पोरांचे हात धुऊन तिनं सगळ्यांना पंगतीत बसवलं. प्रत्येकाच्या तळहाताला तूप चोपडलं, पुढ्यात द्रोणभर बुंदी ठेवली आणि म्हणाली, "हं! ज्याचा त्यानं वळायचा!"

दिवाणखाना चिडीचूप! जिभा बाहेर काढून पोरं लाडू वळायला लागली. कुणाचा काकडीसारखा लांबुडका झाला, कुणाचा थापून भाकरीएवढा. नानानं आपल्या लाडवाला नाक लावलं. बकुळानं निम्मी बुंदी वळता वळता खाऊन टाकली; तिचा लाडू झाला सुपारीएवढा.

"आता विचारा, महाराज."

महाराज पंगतीपुढे उभे राहिले. "सगळ्यात मोठा लाडू कुणाचा?"

"माझाऽऽ!" चाळीस हात वर गेले.

महाराजांनी भुवया उंचावल्या. परातीतला नारळाएवढा लाडू उचलून ते बकुळापाशी आले. "तुझा तर एवढासा आहे. हा घे, तो मला दे."

"तुमचाच एवढासा आहे!" बकुळा म्हणाली आणि आपला लाडू तिनं परकरात लपवला.

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र हटेनात. "गजरा, पोरांना फसवशील, आम्हाला नाही! तराजू आणला तर सगळ्यात मोठा एकच निघेल!"

"एक विचारू, महाराज?" गजरानं हात जोडले. "या चाळीस पोरांत सगळ्यात देखणं पोर कोणतं?"

महाराजांनी बाळराजांकडे पाहिलं. पुढचे दोन दात पडलेले, केसांत बुंदी, नाकाला तूप. "आमचे बाळराजे! यात विचारायचं काय?"

"आणि सेनापती सरकार, तुम्हाला काय वाटतं?"

सेनापतींच्या खिरीनं माखलेल्या मिशा थरथरल्या. चिमणी त्यांचं बोट धरून वर बघत होती. "सांगा ना, आबा!"

सेनापतींनी मुजरा केला. "महाराज, हवं तर मान उडवा... पण आमची चिमणी!"

"छे, छे! आमचा नाना!" दिवाण बोलून गेले.

"माझी बकुळा, सरकार!" दारातून माळी ओरडला.

"वा रे वा! आणि आमची गोदू?" चिकाच्या पडद्याआडून बायकांचा गलका उठला. मघाशी पोरं भांडत होती, आता आई-बाप भांडायला लागले!

त्या गोंधळात गजरा म्हणाली, "महाराज, एका दिवाणखान्यात सगळ्यात देखणी चाळीस पोरं मावली. मग सगळ्यात मोठे चाळीस लाडू का नाही मावणार?"

महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, बाळराजांच्या तुपट नाकाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं! ते इतके हसले, की मंदिल डोक्यावरून घरंगळत खिरीत गेला.

"राघोभट, आजपासून मुदपाकखान्यात हुकूम गजराचा!" डोळे पुसत ते म्हणाले आणि मनगटातलं सोन्याचं कडं त्यांनी तिच्यापुढे धरलं. गजराच्या तुपानं माखलेल्या हातात ते सर्रकन चढलं.