विसाव्याच्या फडातली द्राक्षे

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध पाटकरी राहत असे. बंधाऱ्याचे दार उघडून पाणी पाटाने शेतोशेती पोहोचवणे हे त्याचे काम. गावाची जमीन चार फडांत विभागलेली होती आणि प्रत्येक फडात प्रत्येकाची एकेक पट्टी होती. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी एक फड कोरडा ठेवून त्याला विसावा द्यायचा, अशी जुनी रीत.

म्हाताऱ्यामागे त्याचा शिष्य पाटकरी व्हायचा होता; पण अलीकडे स्वारीचे चित्त ठिकाणावर नव्हते. शहरातून एक व्यापारी आला होता. समुद्रापलीकडच्या लोकांना इथली द्राक्षे हवी आहेत, असे तो मोठ्या गोडीने सांगे. तेव्हापासून बांधावर बसल्या बसल्या शिष्याला सकाळच्या धुक्यात गलबतांची शिडे दिसू लागली. लोक हाका मारून थकत. शेवटी त्याने रोपे आणली आणि विसाव्याच्या फडातल्या आपल्या पट्टीत लावून टाकली. तिथे पाणी मिळत नाही हे त्याला ठाऊक होते. पण गुरू घरचाच, तो काही नाही म्हणणार नाही, अशी त्याची समजूत.

पौष सरला तशी पाने करपू लागली. शिष्य मान खाली घालूनच गुरूसमोर उभा राहिला. म्हातारा रागावला नाही. उद्याची पाळी आपली आहे, आपल्या गव्हाचे दिवसभराचे पाणी तूच तुझ्या वेलींना ने, असे तो शांतपणे म्हणाला. शिष्याचा कानांवर विश्वास बसेना.

उजाडताच पाणी सुटले. शिष्य फावडे घेऊन त्याच्या पुढे चालला, स्वप्नात चालावे तसा. कोरड्या फडात शिरताच पाणी मंदावले. भेगांत उतरले, ढेकळांखाली गेले, मागे नुसता फेस राहिला. दिवस कलला तेव्हा धार वेलींपासून वीस पावलांवर थांबली होती. पुढे ती सरकली नाही. म्हातारा बांधावरून आला, तेव्हा शिष्याला रडू आवरेना.

"बाबा, पाणी पोचणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग नाही का म्हणाला नाहीत?"

"मी नाही म्हटलं असतं, तर माझ्यामागे तू दार उघडलंच असतंस. आता ते तुझ्याच हाती यायचं आहे." म्हातारा त्याच्याजवळ बसला. "बाळा, पाणी नुसत्या दाराच्या जोरावर टोकाला जात नाही. शेजारची जमीन ओली असते, म्हणून ते पुढे सरकतं. सगळा फड मिळून भिजतो, तेव्हा शेवटच्याचं रान भिजतं. द्राक्षांचा यात दोष नाही, व्यापाऱ्याचाही नाही. तू एकटाच लावायला गेलास, एवढंच चुकलं."

वेली वाळल्या. शिष्याला फार वाईट वाटले, आणि गुरूचा गहू पाण्यावाचून पिवळा पडलेला पाहून त्याहून अधिक.

पुढच्या हंगामाआधी व्यापारी नवी रोपे घेऊन त्याच्या दारी आला. शिष्याने त्याला चावडीवर नेले आणि जे सांगायचे ते फडातल्या सर्वांसमोर सांगायला लावले. अशाने फार वेळ जाईल, म्हणून व्यापारी कुरकुरला.

"जाऊ द्या," शिष्य म्हणाला, आणि टोकाच्या पट्टीवाल्याला त्याने आधी बोलायला सांगितले.