चौकटीबाहेरचा जनरल

बडे बाप के बेटे, म्हणून ॲशकोट साहेब मिसरूड फुटायच्या आत कर्नल झाले आणि केस पिकायच्या आत जनरल. लढाई जुंपली की साहेब टेकडीमागच्या तंबूत, हे साऱ्या पलटणीला ठाऊक! तरी त्यांनी सटवाजी जीनगर या चिताऱ्याला गेल्या लढाईचं चित्र काढायला बसवलं.

“मी सगळ्यांच्या पुढे होतो. तसं दिसलं नाही, तर तुरुंगात घालीन!”

भर दरबारात चित्रावरचा पडदा सरला. तोफा, धूर, धावणारे शिपाई. साहेब कुठेच नाहीत.

“मी कुठाय?” साहेब गरजले.

सटवाजीने हात जोडले. “हुजूर, शिपाई चित्राच्या कडेपर्यंत पोचलेत. आपण तर त्यांच्याही पुढे होतात, चौकटीत मावणार कसे?”

सगळ्यांत आधी साहेबांची मडम हसली. चित्र मात्र साहेबांना मुकाट्याने दिवाणखान्यात टांगावं लागलं.