टेकाईचं पांढरं पीस

बसा आधी. दर्शन कुठे पळून जात नाही. टेकाईच्या दारात आल्यावर पहिल्यांदा बसायचं आणि मग हात जोडायचे, अशी इथली रीतच आहे.

ही उभी शिळा बघा. मधोमध खोलगट झाली आहे, माणसाच्या पाठीएवढी. हिला सगुणीची पाठ म्हणतात. आणि भोवती मातीत रोवलेले हे बाण. धनुष्य कुठेच नाही, नुसते बाण. नवसाच्या बाया ते घरी करून आणतात. बोरूची काडी, चुलीवर पातळ केलेली लाख आणि शेपटाशी तीन पिसं. पूर्वी करकोच्याची असत. हल्ली पायथ्याचा पोल्ट्रीवाला टर्की पाळतो, त्याची पांढरी पिसं आणतात. देवीची काही हरकत दिसली नाही. दोन पिसं पळसाच्या फुलांत रंगवून केशरी करायची, तिसरं पांढरंच ठेवायचं. येणारे विचारतात, रंग पुरला नाही का हो? रंग पुरतो. त्याची वेगळी हकीकत आहे. सासूबाईंनी मला सांगितली तशी सांगते, खरंखोटं टेकाईला ठाऊक.

ती पलीकडे उंबराची झाडं दिसतात ना, तिथे बारमाही झरा आहे. मध्ये ही खोल घळ. पूर्वी त्या झऱ्यावरून अलीकडच्या आणि पलीकडच्या वाडीत डोकी फुटत. तेव्हा गढीवरच्या नाइकाने निवाडा दिला म्हणे, की चैत्री पुनवेला अलीकडच्यांनी या टेकडीवरून एक बाण सोडावा. घळीपार गेला तर वर्षभर झरा त्यांचा. घळीत पडला तर त्यांनी झऱ्याकडे बघायचं नाही, खालच्या नदीवरून पाणी आणायचं.

बाण सोडण्याचा मान धावजीबाबांच्या घराकडे होता आणि बाण करायचा तो त्या घरच्या बाईने, तेव्हा तिन्ही पिसं केशरी रंगवून. धावजींची कारभारीण होती तोवर बाण दरसाल पार गेला. ती वारली आणि काम सुनेकडे आलं. सून म्हणजे ही सगुणी. पहिल्याच वर्षी बाण लटपटला आणि घळीत गेला. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मग काय, बोलणारी तोंडं कोण धरणार?

तिची चुलत जाऊ कोंडाई पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणायची, "सासूच्या हातचा बाण गरुडासारखा जायचा. आमच्या बाईसाहेबांचा कोंबडीसारखा उतरतो."

सगुणीने काड्या निरखून निवडल्या. पिसं एकाच पंखाची घेतली, कारण डाव्या-उजव्या पंखाची मिसळली की बाण वाकडा जातो. सासूने शिकवलं होतं त्यात तसूभर फरक केला नाही. तरी बाण पडतच राहिला. तेव्हा तिला वाटलं, हात चुकत नाही म्हणजे भक्तीच कमी पडत असणार. तिने मीठ सोडलं. पुढच्या साली पायताण सोडलं. आणि शेवटी टेकाईपुढे बोलली, "आई, झरा परत मिळेपर्यंत मी दिवसाउजेडी कुठे बूड टेकणार नाही."

बायांनो, नवस बोलायला एक श्वास लागतो. तो निभावणं कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. सगुणी उभ्याने जेवायची, उभ्याने दळण निवडायची. नदीची चढण डोक्यावर हंडा घेऊन यायची, तर बाकीच्या वाटेत दम खायला बसायच्या आणि ही झाडाला हात लावून उभी. पायांना सूज आली, चेहरा काळवंडला. धावजीबाबा एकदा म्हणाले, "पोरी, बस की जरा." ती म्हणाली, "बसले तर पाणी कोण देईल, मामंजी?" म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याच्या मनात काय होतं ते तेव्हा कोणाला कळलं नाही.

पुन्हा चैत्री पूनव आली. बाणाला देवीसमोर शेवटचा हात द्यायचा, म्हणून सगुणीने इथेच तीन दगडांची चूल मांडली आणि पळसाची फुलं उकळली. दोन पिसं रंगवून वाळवली, लाखेने डकवली, वर अंबाडीचा दोरा आवळला. तिसरं पीस हातात घेतलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शिळेला नुसती पाठ लागली आणि ती तशीच खाली घसरली. भर उन्हात तिला झोप लागली. कोणी म्हणतात थकव्याने लागली. सासूबाई म्हणायच्या, दगड मऊ झाला आणि टेकाईने तिला पाठीशी घेतलं. मी सासूबाईंच्या बाजूची.

ती जागी झाली ती ढोल ऐकून. माणसं टेकडी चढत होती. रंगवायला वेळ नव्हता. ओलं पीस उभं राहत नाही. तिने पांढरंच पीस डकवलं आणि दोरा बांधला. नवस मोडला होता आणि बाण अर्धवट राहिला होता.

कोंडाईने बघितलं मात्र, कपाळावर हात मारला. "सवाष्णीच्या हातचा बाण आणि त्याला पांढरं? अगं, कुणाच्या मुळावर उठलीस?"

सगुणी म्हणाली, "मी बसले, वैनी. माझ्याच्याने झालं नाही." एवढंच.

धावजीबाबांनी बाण घेतला. बोटांनी फिरवला, डोळ्यांजवळ नेला, आणि जरा थांबले. मग पांढरं पीस बाहेरच्या अंगाला ठेवून बाण दोरीवर चढवला आणि कानापर्यंत ओढला. बाण लटपटला नाही. सरळ घळ ओलांडून गेला आणि उंबराच्या खोडात रुतला.

ढोल थांबले. तेव्हा म्हातारा सुनेकडे वळला आणि सगळ्यांसमोर बोलला, "पोरी, तुझे बाण चांगलेच होते. माझी नजर गेली होती. तिन्ही पिसं केशरी, बोटांना घट्टे पडलेले. कुठलं पीस बाहेर ठेवायचं ते मला दिसेना, कळेना. एक पीस धनुष्याला घासायचं आणि बाण भरकटायचा. मान जाईल म्हणून बोललो नाही, तुला बोल खाऊ दिले. आज हे पांढरं दिसलं."

सगुणी म्हणे पुन्हा शिळेला टेकून बसली आणि पोटभर रडली. थोड्या वेळाने कोंडाई झऱ्याचं पाणी घेऊन आली आणि तिने ते तिला बसल्या जागी पाजलं.

नाईक गेला, गढी पडली, आता झरा दोन्ही वाड्यांचा आहे. पण आजही इथे बाण येतो तो दोन पिसं केशरी आणि एक पांढरं असाच. आपल्याने झालं तेवढं रंगवायचं, उरलेलं तिच्यावर सोडायचं. रंगवलेल्या तिसऱ्या पिसाचा बाण पुजारी आजही परत देतो. आणि नवस बोलायला आलेल्या बाईला तो आधी शिळेशी बसवतो. आमच्याकडे म्हणच आहे, आधी टेक, मग माग.

आणि या ताई, चपला हातात घेऊन चढलेल्या, मघापासून उभ्याच आहेत. काय बोलून आला आहात ते मी विचारत नाही. या, इथे पाठ टेका. दगड उन्हाने तापलेला दिसतो, पण बसून बघा, गार लागतो.