भीती की श्रीखंड

“...तर महाराज, माणसं मुठीत ठेवायला भीती बरी, की सुख?”

विचारणारे चंद्रहास मोहरील म्हणजे कादंबरीकार. त्यांच्या नव्या कादंबरीत पुढच्या शतकातलं एक भयंकर राज्य होतं आणि कादंबरीचं घोडं शेवटच्या प्रकरणात अडलं होतं. उद्या सकाळी ते प्रकरण प्रकाशकाच्या हाती पडलं नाही, तर त्यांच्या जागी दुसऱ्याची कादंबरी छापायला जाणार होती. म्हणून ते टेकडीवरच्या मठात केवलगिरी महाराजांकडे आले होते. महाराजांनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती, पण माणसं पुष्कळ पाहिली होती.

“भीतीचं कसं करता?” महाराजांनी विचारलं.

“भिंतीभिंतीत यंत्रं. शिंकलात तरी सरकारला कळतं. शेजारी शेजाऱ्याची चुगली करतो.”

“अन् सुखाचं?”

“सरकार घरोघरी श्रीखंड पाठवतं. लोक इतके सुस्तावतात, की बंड करायचं म्हटलं तरी उठवत नाही.”

महाराजांचे डोळे चमकले. “हे राज्य कुठे आहे म्हणता?”

मोहरील हसले नाहीत. “यातलं पक्कं कुठलं, एवढंच सांगा. चारची बस शेवटची आहे. माझं म्हणाल, तर मला भीतीचा काय नि सुखाचा काय, दोन्ही राजे अडवू शकणार नाहीत. मनात आलं की मी उठून चालू लागतो.”

“वा...”

महाराजांनी एका शिष्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग म्हणाले, “आधी जेवून घ्या.”

पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी. शिष्यांचं आटोपलं, मोहरीलांचंही आटोपलं. महाराजांच्या पानात मात्र भाताचा एक घास उरला होता. तो काही ते उचलेनात.

वडीलधारं माणूस पानावर असताना उठायचं नाही, याचं मोहरीलांना बाळकडूच मिळालं होतं. ते बसून राहिले.

...

हातावरचं वरण वाळलं. पायाला मुंग्या आल्या. एक माशी महाराजांच्या घासाभोवती हिंडली आणि कंटाळून उडून गेली. मोहरीलांना तिचा हेवा वाटला.

दाराशी पहारेकरी नव्हता. खरं तर दारच नव्हतं, उघडी ओसरी होती. समोर पायऱ्या, पायऱ्यांखाली रस्ता.

ते खाकरले. महाराजांनी त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

खाली बस आली. भोंगा वाजला. मोहरीलांनी मान उंच करून खाली पाहिलं. वर्षभराची मेहनत त्या बसमध्ये बसून निघाली होती आणि ते स्वतः पाटावर!

बस गेली.

“महाराज!” त्यांचा धीर सुटला. “घ्या ना तो घास एकदाचा! तुमच्यापायी माझी बस चुकली!”

महाराज दचकले. “माझ्यापायी? अहो बाप्पा, तुम्ही आधी उठाल म्हणून तर मी घास राखून बसलो! पाहुणा पानावर असताना यजमानानं कसं उठायचं? माझ्याही कमरेचा काटा ढिला झाला जी.”

“म्हणजे मला तुम्ही अडवलं... आणि तुम्हाला मी?”

“अन् आम्हाला तुम्ही दोघांनी,” पंगतीच्या टोकाकडून एक शिष्य कळवळून म्हणाला.

मोहरीलांनी विचारलं, “मग राजा कोण होता?”

महाराजांनी घास तोंडात टाकला, शांतपणे चावला. पंगत सुटली.

मोहरीलांनी घाईघाईनं हात धुतले, पिशवी खांद्याला लावली. चालत फाटा गाठला तर एखादा ट्रक मिळाला असता, रातोरात प्रकरणही लिहून झालं असतं. ते पायऱ्यांपर्यंत गेले.

“जा जी, खुशाल जा,” मागून महाराज म्हणाले. “थांबा असं मी मुळीच म्हणत नाही... फक्त तुमच्यासाठी म्हणून मघाशीच दही टांगलंय.”