शिलेवरचा तह

एका राज्यात घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी साळुंकीचं बोलणं अर्धंच ऐकलं. ‘यंदा लढाई कायमची संपेल, पण राजाला...’ एवढं बोलून ती उडाली. मग काय, पुढचं ज्याचं त्यानं जोडलं. कुणी म्हणे मुकुट जाणार, कुणी म्हणे राजाच जाणार.

राजा धवलसेन तर थकूनच गेला होता. पैलतीरच्या मणिभान राजाच्या पणज्याशी त्याच्या पणज्यानं नदीतल्या बेटावरच्या शिलेवर तह कोरला होता. तरी दर बारा वर्षांनी शिंगं आपोआप वाजत, तलवारी म्यानांतून आपणच निघत. तीन मुलगे त्यात गेले. उरली लेक केतकी. आठ दिवसांनी लढाईवर जायची तिची पाळी.

राजा अनवाणी बेटावर गेला. शिलेची राखण करणारी म्हातारी मांत्रिकीण म्हणाली, “एकट्यानं शाप सुटत नाही. वैऱ्याला आण.”

मणिभान आला, कुरकुरत आला. म्हणाला, “धवलसेना, तुझं तोंड बघायचा मलाही कंटाळा आलाय.”

मग म्हातारीनं दुसरं काम सांगितलं, दोघांनी मिळून शिला घासा. पिढ्यान्‌पिढ्या तिला हार घातले होते, शेवाळ कुणी काढलं नव्हतं. वर दिसे ‘उभय राज्यांत तह’. शेवाळाखालून पुढचं निघालं, ‘कूब असे लढाई’.

दोघा राजांनी ओळ जोडून वाचली, ‘तहकूब असे लढाई’.

“तहकूब म्हणजे पुढे ढकललेली,” म्हातारी म्हणाली. “तुमच्या पणज्यांनी दम खायला बारा वर्षं मागितली. दगडानं शब्द पाळला. आता पुढची अक्षरं खरवडा, पण आपापल्या तलवारीनं.”

धवलसेनाच्या कमरेला गेलेल्या थोरल्या लेकाची तलवार होती. त्याची तेवढीच खूण उरली होती. हात काही उठेना. मणिभानानं आधी आपली तलवार दगडाला लावली. मग यानंही लावली. दोन्ही पाती झिजून तुटली तेव्हा शिलेवर नुसता तह उरला. ठरल्या दिवशी शिंगं वाजली नाहीत.

केतकीनं चिलखत उतरवलं. “आबा, कायमची संपली ना?”

“साळुंकीला काय जातंय बोलायला,” राजा म्हणाला. “शेवाळ वर्षात पुन्हा धरतं. त्याखाली काय लिहिलंय ते माणसं पुन्हा विसरतात. दरसाल दोन्हीकडच्यांनी जाऊन घासायचं, तोवर तह. मुकुट आहे, मी आहे, घासून घासून फक्त कंबर गेली. पुढल्या साली तू चल.”