काठाकाठानं गेलेला उजेड

एका गावात, खाडीच्या काठाला, सगुणा नावाची एक भाविक बाई राहत होती. तिचा नवरा मोठ्या दुखण्यात होता, तेव्हा ती महादेवाला नवस बोलली होती, 'देवा, माझ्या हातच्या लाख वाती त्रिपुरी पुनवेला तुझ्यापुढे लावीन.' नवरा बरा झाला, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकपाणी आटोपलं की ती कापूस घेऊन बसायची. वर्ष सरत आलं. टोपली शिगोशीग भरली. पुनव उद्यावर आली.

त्या संध्याकाळी खाडीवर असं धुकं उतरलं, की अंगणातली तुळस दिसेना. पलीकडच्या बाजाराला गेलेली माणसं घेऊन धाकू तांडेलाची होडी अजून परतली नव्हती. होडीत बायका होत्या, लेकरं होती. ओहोटी लागली होती. काठ चुकला, तर पाणी होडीला ओढत थेट समुद्रात नेणार. धक्क्यावर जमलेले लोक हाका मारत होते आणि हाका धुक्यात विरून जात होत्या.

सगुणा घरात गेली. टोपली उचलावी की नाही, असं एकदा तिच्या मनात आलं. पण उचललीच. धक्क्यावर येऊन तिनं एका करवंटीत वातींचा जुडगा ठेवला, तेल घातलं आणि पेटवला.

शेजारच्या भिकूताईनं कपाळाला हात लावला. "अगो, देवाच्या वाती त्या! उद्या देवाला काय तोंड दाखवशील? तुझं कोण आहे त्या होडीत?"

"कोणी नाही, भिकूताई."

"मग? आणि एवढ्याशा उजेडानं धुकं हटणार होय गो?"

"धुकं नको हटू दे. काठ कुठे आहे एवढं कळलं तरी पुरे." सगुणानं दुसरी करवंटी पुढे ओढली.

भिकूताई पुटपुटत घरी गेली. परत आली ती तेलाची बुधली घेऊनच. "धर! आज बसू अंधारात. आम्हांला काय भुतं खातात?"

मग घराघरातून थोडंथोडं तेल आलं, करवंट्या आल्या. ज्याला जमेल तो काठानं जरा पुढे जाऊन एक दिवा लावून येई. सगुणा मात्र खाली वाकून वातीच घालत राहिली. किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

अचानक वल्ह्यांचा आवाज आला. होडी काठाकाठानं, समुद्राच्या बाजूनं येत होती! कुणी रडलं, कुणी हसलं. धाकू तांडेल चिंब भिजून खाली उतरला. "गावात आज लगीन आहे की काय कुणाचं?"

लोक त्याला सगुणेपुढे घेऊन गेले. "हिच्या दिव्यानं वाचलास रे!"

धाकूनं मान हलवली. "खोटं कशाला बोलू, वयनी? तुमचा दिवा मला दिसलाच नाही. आम्ही पार खाडीच्या मुखाशी वाहत गेलो होतो. तिथे खडकावर एका म्हातारीनं चिंधीची वात लावली होती, ती दिसली. तिला विचारलं, तर म्हणाली, वरच्या वाडीत दिवे लागलेले दिसले, म्हणून मीही लावला."

सगुणा उठून उभी राहिली. तिनं पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. धुकं विरळ होत होतं. तिच्या गावापुढे कोळीवाडा, त्याच्यापुढे ती कधी न गेलेली वाडी, आणि तशीच पुढे वळणावळणानं थेट समुद्रापर्यंत दिव्यांची ओळ तेवत होती. ते दिवे तिनं लावले नव्हते. त्यांतल्या वातीही तिच्या नव्हत्या. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं तिथेच, काठाच्या चिखलात, गुडघे टेकून हात जोडले. नवस फेडायचा राहिला, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

तात्पर्य: आपण केलेलं लहानसं भलं कुठवर जाऊन पोचतं, ते आपल्याला दिसत नाही, म्हणून लेकरांनो, एवढ्याशानं काय होणार असं म्हणत बसू नका, आपल्याच्यानं होईल तेवढं तुम्हीही आजच कुणासाठी तरी करा.