गोजरावेशीतला पहिला घास

कळमपेठेत आलेल्या पाहुण्याला नागोराव कोष्टी आधी घड्याळाचा मनोरा दाखवतात, मग बारव, आणि भूक लागली की गोजरावेशीत आणून उभे करतात.

"इथले धपाटे खाल्ल्याशिवाय पेठ पाहिली असं होत नाही," ते म्हणतात. "पण आधीच सांगून ठेवतो. तव्यावरून उतरलेल्या धपाट्याचा पहिला तुकडा विकणारी बाई तुमच्यासमोर स्वतः खाईल. रागावू नका. ती इथली रीत आहे."

मग वेशीच्या पायरीवर टेकून ते गोजराबाईची हकीकत सांगतात.

तेव्हा पेठेला तट होता आणि सूर्य बुडाला की वेस बंद होई. वेशीबाहेर गोजराबाई नावाची विधवा चूल मांडून वाटसरूंना धपाटे करून घाली. एका उन्हाळ्यात मिठाचे बैल घेऊन लिंबाजी आणि त्याचा धाकटा भाऊ भिवा तिथे उतरले. लिंबाजी बैलांपाशी राहिला, भिवाने धपाटे खाल्ले. दुपार व्हायच्या आत तो ओकून ओकून आडवा झाला.

"या बाईनं विष घातलं!" लिंबाजी ओरडला. गर्दी जमली. ठाणेदाराने निकाल दिला, म्हणे: वेस बंद व्हायच्या आत हा मेला, तर बाईला बुरुजावरून लोटायचं.

भिवाचे खोल गेलेले डोळे पाहून गोजराबाई चरकली. ही पटकी होती. तिचा नवरा याच रोगाने गेला होता. वैदूने त्याचं पाणी तोडलं होतं. तो पाणी पाणी करत गेला आणि ती वैदूचं ऐकून नुसती बसून राहिली होती.

तिने चुलीवर कण्यांची पातळ पेज चढवली, मीठ घातलं आणि वाडगं पुढे केलं.

लिंबाजीने काठी उगारली. "आणखी विष पाजतेस?"

गोजराबाईने एक घोट घेतला. "आता पाज."

ती कोसळते का, हे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने भावाला पेज पाजली. भिवाने ती ओकून टाकली. तिने पुन्हा वाडगं भरलं.

"आधी तू," लिंबाजी म्हणाला.

वाडगं तेच होतं, भिवाच्या ओठांना लागलेलं. काय होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं. पण दुसरं वाडगं मागितलं तर याचा संशय पुन्हा उठेल, आणि ऊन तर तटावरून उतरत चाललेलं. ती प्यायली. असे सांगतात, की त्या दिवशी ती वीस वेळा प्यायली.

सूर्य टेकला. दरवान दाराला भिडला. दोन शिपायांनी तिचे दंड धरले, तेवढ्यात भिवाने डोळे उघडले.

"दादा, अजून दे."

शिपायांचे हात सुटले. लिंबाजी तिच्या पायांवर पडला. तिने पाय मागे घेतले आणि चुलीत लाकूड सारलं.

तिसऱ्या दिवशी तिची चूल पेटली नाही. लिंबाजीने जाऊन पाहिलं, तर ती भिंतीशी मुटकुळं करून पडलेली. त्याने स्वतः पेज शिजवली, वाडगं घेऊन तिच्यापाशी बसला आणि आधी आपण घोट घेतला.

"नको रे," ती म्हणाली. "तू नको पिऊस."

"तुझ्या हातचं मी पारखून घेतलं, बाई. माझ्या हातचं तू तसंच कसं घेशील?"

ती प्यायली, पण उजाडताना गेली.

लिंबाजीने भिवाला बैल देऊन गावी धाडलं आणि स्वतः तिच्या चुलीपाशी धपाटे करायला बसला. रोगाच्या जागचं खायला कोणी येईना. तो रोज वेशीत उभा राहून पहिला धपाटा मोडून खाई. महिन्याभराने एक वाटसरू थांबला, मग दुसरा.

आजही वेशीत कोणी वाटसरू आजारी पडला, की तवे उतरतात आणि आधी पेज चढते. मागे एका डॉक्टर पाहुण्यांनी विकणाऱ्या बाईला बजावलं, की आजाऱ्याच्या वाडग्याला तोंड लावू नका. बाईने मान डोलावली, दुसरं वाडगं आणलं, त्यात त्याच पातेल्यातली पेज ओतली, आणि आजाऱ्याच्या डोळ्यांत पाहत आधी आपण प्यायली.